प्रिय भागधारक

अण्णांनी मला आयुष्यात फार कमी प्रश्न विचारले. त्यातला एक अजून जसाच्या तसा आठवतो. १९८८ साल, मी सातवीत. दुसरी पाळी करून ते रात्री बाराच्या सुमाराला घरी यायचे आणि ते येईपर्यंत आमच्याकडे कुणी झोपायचं नाही. त्या रात्री त्यांनी हातपाय धुतले, केसांतला कापूस झटकला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "काय रे, भागधारक म्हणजे कोण?"

गिरणीच्या फाटकावर कागद लागला होता. भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा, अमुक तारखेला, अमुक वाजता. अण्णांना अक्षर लागायचं, पण हा शब्द अडला होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सरांना विचारलं. "कंपनीचे मालक," सर म्हणाले. रात्री अण्णांना तेच सांगितलं. ते घास हातात धरून जरा वेळ बसले. मग म्हणाले, "मालक तर गाडीतनं येतो. कागदावर तर लई जण बोलावलेत. एवढे मालक राहतेत कुठं?"

सोलापूरची जुनी मिल सुरू झाली १८७७ साली. त्याच्या दोन वर्षं आधी, १८७५ मध्ये, मुंबईत वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी आपली संस्था बांधली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. हे दोन जन्म असे पाठोपाठ झाले याचं आता मला नवल वाटत नाही. गिरणी उभारायला जेवढा पैसा लागायचा, तेवढा एका घरात नसायचा. तो हिश्शाहिश्शाने गोळा व्हायचा आणि हिस्सा घेतलेल्या माणसाला मध्येच पैसे लागले तर तो कुणाला तरी विकता यायला हवा, म्हणून बाजार. १८८२ साली आपल्याच सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजांच्या, मोटारींच्या कंपन्या काढल्या, त्याही याच वाटेने. पण त्या सगळ्या वर्षांत इथे भोंगा वाजत होता, हजारो माणसं साच्यावर उभी होती, आणि त्या साच्यांचा हिस्सा मुंबईत विकत मिळतो ही गोष्ट साच्यावरच्या माणसाला कुणी सांगितली नव्हती. वाईट बुद्धीने लपवली असं मी म्हणत नाही. ती आपली गोष्ट आहे असं कुणालाच वाटलं नाही, अण्णांनासुद्धा. मला हेच फार लागतं.

नव्वदच्या दशकात अण्णांची गिरणी बंद पडली. देणी हातात पडायला किती वर्षं गेली ते लिहीत नाही, सोलापुरात ते प्रत्येक चाळीला ठाऊक आहे. मी बी.कॉम. होऊन अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून लागलो. आजही तिथेच आहे. चोवीस माग, सुताची खरेदी, कामगारांचा हप्त्याचा पगार, आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांकडची उधारी. कीर्द-खतावणी आधी हाताने लिहिली, मग कॉम्प्युटरवर आली.

आईची गुंतवणूक म्हणजे भिशी. गल्लीतल्या वीस बायका, महिन्याला प्रत्येकी हजार, म्हणजे वीस हजार जमायचे आणि त्यावर बोली लागायची. जिला नड असेल ती म्हणायची, "मी चार हजार सोडते." मग तिला सोळा हजार मिळायचे आणि सोडलेले चार हजार वीस जणींत वाटले जायचे, प्रत्येकीला दोनशे. आईने कधी पहिल्या महिन्यांत उचल केली नाही. ती शेवटच्या दोन-तीन महिन्यांपर्यंत थांबायची. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी भिशी फुटली की पितळी डबा पुढ्यात घेऊन नोटा मोजायची. आई व्याजाचा दर काढू शकत नव्हती, पण थांबण्याला मोल आहे आणि ते मोल नडलेल्या बाईकडून येतं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ज्या वर्षी एखादीच्या घरी आजारपण असायचं, त्या वर्षी आई बोली वाढू द्यायची नाही. शेअर बाजारात हे करता येत नाही. तिथे समोर कोण नडलंय ते दिसत नाही. मार्च २०२० मध्ये मला आईची ती बैठक आठवली, पण ते पुढे.

मी बाजारात आलो नोटबंदीनंतर. ८ नोव्हेंबर २०१६ च्या घोषणेनंतर कारखान्यात हप्त्याचा पगार रोख देणं अशक्य झालं, कामगारांची बँक खाती उघडावी लागली, सगळ्यांचे फॉर्म मीच भरले. दोन महिने बँकेच्या रांगेत गेले. तिथे भिंतीवरचे ठेवीचे दर खाली येताना रोज दिसायचे. मी चाळिशीचा झालो होतो, पोरगी आठवीत होती, आणि माझी सगळी पुंजी मुदत ठेवीत आणि एका पतसंस्थेत होती. पतसंस्थेतली निम्मी पुढे बुडाली, तो विषय वेगळा.

डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडायचं ठरलं, तिथे पहिलंच अडलं. पॅनवर माझ्या आडनावात एक अक्षर जास्त आणि आधारवर कमी. अर्ज दोनदा परत आला. महिनाभर त्यातच गेला, पण एक कळलं. ज्यांच्यामार्फत आपण खरेदी करतो तो ब्रोकर म्हणजे सूत बाजारातला दलाल. माल त्याच्या घरात राहत नाही. शेअर राहतात डिपॉझिटरीत, एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडे, आपल्या नावावर. गोदाम वेगळं, दलाल वेगळा. आणि गोदामाकडून थेट आपल्या ईमेलवर शिलकेचं पत्रक येतं. माझी कळकळीची विनंती आहे, नव्या माणसाने ब्रोकरच्या ॲपवरचा आकडा पाहून थांबू नये. ते पत्रक उघडावं, पासबुक पाहतो तसं ओळीओळीने पाहावं. आणि नॉमिनी भरावा. आमच्या गल्लीत नवरा गेल्यावर त्याचे शेअर कुठे आहेत हेच माहीत नसलेली एक बाई वर्षभर कागद जमवत फिरली.

पहिली चूक मी पहिल्याच महिन्यात केली. मोबाइलवर एक मेसेज फिरत आला होता. चार रुपये साठ पैशांचा शेअर, सहा महिन्यांत चौपट. कंपनी काय करते हे मी पाहिलं नाही. दिवाळीच्या बोनसचे वीस हजार घातले. आठवडाभर वर गेला. मग एका सकाळी सव्वानऊला बाजार उघडला तो पाच टक्के खाली, आणि तिथेच गोठला. लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात जेवढं पडायची मुभा तेवढं पडून झालं. मी विकायला टाकले, समोर घेणाराच नव्हता. पडद्यावर विकणाऱ्यांच्या बाजूला लाखांतला आकडा आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. स्वस्त शेअर म्हणजे कमी धोका असं मला वाटत होतं. खरं तर चार रुपयांच्या शेअरात सगळा धोका असा एका बाजूला उभा राहतो, की दार उघडतच नाही. शेवटी एक रुपया दहा पैशांना सुटलो. वीस हजारांचे पावणेपाच हजार. बायको काही बोलली नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्ही मालकांचा एक गठ्ठा न तपासता घेत नाही. हे कसं घेतलं?"

तिच्या त्या वाक्याने मला रस्ता दाखवला.

आमच्या कारखान्यात २०१२ च्या दिवाळीला वहीत चार लाखांचा नफा दिसत होता. मालक घरचे तेलुगू बोलणारे, हिशेबाला मात्र माझ्याशी मराठीत. ते वही पुढे ओढून म्हणाले, "दिवाणजी, नफा तर आहे की. मग पैसा कुठं आहे?" पैसा व्यापाऱ्यांकडे होता. नव्वद दिवसांच्या बोलीवर गेलेला माल, दीडशे दिवस झाले तरी चेक नाही, आणि वर माल डागी निघाला म्हणून कापाकापी. त्या वर्षी कामगारांचा बोनस मालकीणबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून वाटला. पाटल्या मी स्वतः रुमालात बांधून नेल्या होत्या. आतल्या बाजूला साबणाचा पांढरा थर होता, वर्षानुवर्षं हातातून न निघालेल्या. नफा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुठल्या वर्गात नाही, त्या रुमालात कळलं.

म्हणून मी ठरवलं, पहिली कंपनी बघायची ती टॉवेलचीच. एक नावाजलेली, बाजारात नोंदलेली कंपनी निवडली. तिचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळाला. दोनशेच्या वर पानं, सगळी इंग्रजी. पुढची पन्नास पानं फोटो आणि भाषणं, ती मी सोडली. थेट ताळेबंदावर गेलो. आणि तिथे मला आमचीच वही दिसली. सूत, तयार माल, मागांवरचा घसारा, येणं, देणं. आकडे कोटींचे, पण खाती तीच. विक्री बारा टक्क्यांनी वाढलेली आणि येणं जवळपास दुप्पट झालेलं. नफा भरघोस. पुढे रोकडीचं पत्रक उघडलं, तर धंद्यातून हातात आलेला पैसा नफ्याच्या निम्माही नाही. मी वहीवर पेन्सिलने खूण करतो तशी कागदावर खूण केली. माल खपलेला नाही, ढकललेला आहे. ती कंपनी मी घेतली नाही. पुढे तिचं काय झालं ते मी बघितलंही नाही, मला माझ्या नजरेवर विश्वास बसला तेवढं पुरे होतं. दुसरी एक घेतली, जिचं येणं विक्रीच्या चालीनेच चाललं होतं. बारा शेअर.

२०२१-२२ पासून तर कंपन्यांना येणं किती जुनं आहे याचा तक्ता द्यावाच लागतो. सहा महिन्यांच्या आतलं किती, वर्षाच्या आतलं किती, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, तीनच्या पुढचं. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरून आलं. अगदी अशीच उधारीची यादी मी गेली कित्येक वर्षं मालकांच्या टेबलावर ठेवत आलोय. आणि पाटल्यांचाही हिशेब तिथे असतो. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मुख्य मालकांनी, आपले शेअर तारण ठेवले असतील, तर तो आकडा दर तिमाहीला जाहीर करावा लागतो. त्या रकान्यात टक्केवारी वाढत जाताना दिसली की मला साबणाचा थर आठवतो आणि मी लांब राहतो.

सोलापूरच्या माणसाला हे मला मनापासून सांगायचंय. आपण मागाचा आवाज ऐकून कुठला साचा बिघडला ते ओळखतो. सुताचा भाव चढला की चादरीच्या धंद्यात कुणाचं मरण होतं ते आपल्याला बातमी वाचून कळावं लागत नाही. विडीच्या कारखान्यात पान महागलं की काय होतं ते आमच्या आया-मावश्या सांगू शकतात. ही सगळी समज शेअर घ्यायला चालते. ती कमी दर्जाची नाही. चार्टवरच्या रेषा आणि तीन अक्षरी इंग्रजी शब्द पाहून आपण ती दारातच ठेवून आत जातो आणि मग मेसेजवरचा शेअर घेतो.

एकदा पोरगी म्हणाली, "बाबा, आपल्या गावातल्या पण कंपन्या आहेत की बाजारात." कितीदा त्या रस्त्याने गेलो होतो. होटगी रोडला बालाजी अमाइन्सचं कार्यालय, आमच्याच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, गाड्यांच्या इंजिनातले कॅमशाफ्ट करणारी. सकाळी पाळीला जाणारी पोरं डबा घेऊन ज्या फाटकातून आत शिरतात, त्या फाटकाचा हिस्सा त्यांच्या खिशातल्या मोबाइलवर विकत मिळतो. त्या घ्या असं मी सांगत नाहीये, प्रत्येकाने आपापली वही उघडावी. पण दरवर्षी त्यांचा अहवाल वाचायला काय हरकत आहे? आपण काम करतो त्या जागेचा ताळेबंद वाचणं हा मान आहे, अण्णांना तो कधी मिळाला नाही.

माझा बहुतेक पैसा मात्र एकेका कंपनीत नाही. दर महिन्याच्या सात तारखेला दोन हजार रुपये निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात जातात, देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत आपोआप वाटले जातात. त्यात लिहिण्यासारखं काही नाही आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. करांचंही थोडक्यात सांगतो. वर्षभराच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकलं तर सव्वा लाखापर्यंत काही नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. जुलै २०२४ पासून हे दर आहेत.

आता मार्च २०२०. बायकोची अट पहिल्या दिवसापासून होती, "आधी सहा महिन्यांची भाकरी बाजूला, मग तुमचा बाजार." सहा महिन्यांच्या घरखर्चाची ठेव बँकेत तिच्या नावावर होती आणि तिला हात लावायचा नाही हे ठरलेलं. २३ मार्चला, सोमवारी, बाजार उघडताच कोसळला. दहा टक्क्यांची घसरण झाली म्हणून पाऊण तास व्यवहारच थांबवले. पुन्हा उघडला आणि आणखी पडला. एका दिवसात सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, ३,९३४ अंकांनी खाली, बंद २५,९८१ वर. जानेवारीत तो ४२ हजारांवर होता. त्याच आठवड्यात आमचे चोवीस माग थांबले. अक्कलकोट रोडवर भर दुपारी चिमणीचा आवाज ऐकू यायला लागला, ती शांतता मला सोसली नाही.

माझ्या कागदावर तीन वर्षांची बचत पार खाली आलेली दिसत होती. रात्री झोप लागेना. विकून मोकळं व्हावं असं दहादा वाटलं. पण घरात पीठ होतं, ठेव होती, कुणाचा चेक द्यायचा नव्हता. मला विकायची नड नव्हती, एवढंच माझं शहाणपण. त्या दिवशी ज्यांनी विकलं त्यांतले कितीतरी भ्याले नव्हते, नडले होते. आईच्या भिशीतल्या चार हजार सोडणाऱ्या बाईसारखे. वर्षअखेर सेन्सेक्स ४७ हजारांवर गेला. पण हे नेहमी इतक्या लवकर होत नाही, हेही सांगायला हवं. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली जाऊन आला आणि पुन्हा २१ हजार दिसायला २०१० ची दिवाळी यावी लागली. तेवढा काळ ज्याच्या घरात भाकरी आहे, त्यानेच तेवढा पैसा तिथे ठेवावा.

एका मुलाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मागच्या गल्लीतला, हुशार, वडिलांचे सहा माग. ऑप्शन करायचा, म्हणजे शेअर न घेता ठरलेल्या मुदतीत भाव चढेल की पडेल यावर पैसे लावायचा. गुरुवारी एक्सपायरी असायची, म्हणजे ती मुदत संपायची, गुरुवारी संध्याकाळी त्याचा चेहरा पाहून घरच्यांना कळायचं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी असले सौदे, फ्युचर्स-ऑप्शन्स, केले, त्यातल्या शंभरांपैकी ९३ जणांनी पैसे घालवले, मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्या आकड्यात तोही आहे. त्यांच्या शेडमध्ये आता चार माग आहेत. दोन भंगारात गेले तेव्हा मी तिथे होतो, टेम्पोत चढवताना त्याच्या वडिलांनी धोटे काढून घेतले आणि खिशात ठेवले. हे गुंतवणुकीत मोजू नका. कुठल्याही पोराला हे शेअर बाजार म्हणून शिकवू नका.

२०२३ च्या सप्टेंबरात मला एक ईमेल आला. प्रिय भागधारक, अशी सुरुवात. माझ्या बारा शेअरांच्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा, व्हिडिओवर. एक शेअर असला तरी हजर राहता येतं, मत देता येतं, आधी नाव नोंदवलं तर बोलताही येतं. मी नोंदवलं. सहा महिन्यांच्या पुढचं येणं वाढलं होतं, ते कुणाकडचं आहे आणि वसूल कसं होणार, हा प्रश्न हिंदीत लिहून काढला.

सभा सकाळी अकराला. मालकांकडून अर्धा दिवस सुट्टी घेतली. पोरीने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. अण्णा आता सत्त्याहत्तरचे, ऐकू कमी येतं, ते खुर्ची ओढून शेजारी बसले. अध्यक्षांचं भाषण झालं, मग एकेक भागधारक पडद्यावर यायला लागले. कोलकात्याचे एक म्हातारे गृहस्थ, मागे देवघर. हैदराबादच्या एक बाई, स्वयंपाकघरातून. इंदूरचा एक जण, दुकानाच्या गल्ल्यावर बसून.

"हे बी मालक?" अण्णांनी विचारलं.

"होय, अण्णा."

"आणि ह्या बाई?"

"त्या पण."

ते पुढे झुकून बघत राहिले. कोलकाता, हैदराबाद, इंदूर, नाशिक. मग माझं नाव पुकारलं, सोलापूर म्हणून. मी आवाज चालू केला. पलीकडून सूत्रसंचालक म्हणाला, तुमच्याकडे मागे फार आवाज येतोय, जरा बंद करता येईल का. आमच्या मागच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे माग आहेत. मी म्हणालो, "साहेब, ते माग आहेत. ते चालूच राहतील."

अण्णांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि पडद्यात दिसेल असे माझ्या शेजारी नीट बसले. मी कागद हातात घेतला आणि प्रश्न वाचायला लागलो.